कळेखालील स्प्रिंग : स्पर्शाचे गणित आणि मराठी बोटांवरील भार

टंकलेखन करणाऱ्यास एक कळफलक हलका व दुसरा जड का वाटतो, हा प्रश्न वरवर पाहता आवडीनिवडीचा आहे. परंतु ज्या कामात एकाच बोटाने एकच हालचाल दिवसातून हजारो वेळा करावयाची असते, तेथे आवडनिवड हा शब्द अपुरा पडतो. रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी कचेऱ्या, न्यायालये, महाविद्यालये आणि छपाईची दुकाने यांतील मराठी मजकूर आता संगणकाच्या कळफलकावरच तयार होतो. शासकीय सेवेतील लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीचा मिनिटास किमान ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द हा वेग आवश्यक मानला जातो. अनेक तरुणांची उपजीविका या वेगावर अवलंबून असते, आणि वेग व अचूकता ही दोन्ही काही अंशी कळेच्या प्रतिकारावर अवलंबून असतात.

यांत्रिक स्विच असलेल्या कळफलकात प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्प्रिंग असते व ती बदलता येते. त्यामुळे कळेचा स्पर्श इच्छेनुरूप घडविण्याची सोय उपलब्ध झाली आहे. या सोयीचा उपयोग करताना बहुधा सर्व कळांना एकच स्प्रिंग घातली जाते, अथवा बोटागणिक भार ठरविताना इंग्रजी लिहिणारा हात गृहीत धरला जातो. मराठी लिहिणाऱ्या हाताला हे गृहीतक लागू पडत नाही. असे का होते आणि स्प्रिंगची निवड कोणत्या तत्त्वावर करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. पूर्वपीठिका

कळेचा स्पर्श जुळवून घेण्याची कल्पना नवी नाही. कोकणातील भजनी मंडळींच्या नित्य परिचयाची बाजाची पेटी हे तिचे जवळचे उदाहरण होय. पेटीच्या प्रत्येक पट्टीखाली एक स्प्रिंग असते. पट्टी दाबली नसताना हवेचे छिद्र घट्ट बंद ठेवणे हे तिचे काम. स्प्रिंग फार सैल झाली, तर भात्यातील हवेच्या दाबाने पट्टी किंचित उचलली जाते आणि न वाजविलेला सूर कुजबुजू लागतो. फार ताठ असली, तर द्रुत तानेत बोट अडखळते. म्हणून पेटी दुरुस्त करणारा कारागीर पट्ट्या हलक्या करून देतो, पण एका मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा हवेचा दाब ठरवितो, वादकाची इच्छा नव्हे.

टंकलेखनयंत्रात मर्यादा निराळ्या होत्या. तेथे बोटाच्या जोरावरच खिळा फितीवर आपटत असे. त्यामुळे कळेचा प्रतिकार आजच्या कळफलकाच्या कितीतरी पट असे. तरीही अनेक यंत्रांवर स्पर्श कमीअधिक करण्याची एक लहान तरफ असे व तिने स्प्रिंगांचा ताण बदलता येई. भारतात गोदरेज अँड बॉइस या कंपनीने १९५५ मध्ये स्वदेशी टंकलेखनयंत्राचे उत्पादन सुरू केले व ते २००९ च्या सुमारास थांबले. मधल्या अर्धशतकात गावोगावच्या टंकलेखन संस्थांतून ज्यांनी मराठी टंकलेखन शिकले, त्यांच्या बोटांना कळ तळापर्यंत ठोकण्याची सवय लागली. ती सवय यंत्र गेल्यावरही टिकून राहिली, हे पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

संगणकाच्या कळफलकात खिळा आपटावयाचा नसतो, केवळ विद्युत्संपर्क व्हावयाचा असतो. स्वस्त कळफलकांत हे काम रबरी घुमटावर सोपविलेले असते. घुमट आरंभी विरोध करतो, मग एकाएकी खचतो, आणि कळ जवळजवळ तळास टेकल्यावरच संपर्क होतो. यांत्रिक स्विचचा मार्ग वेगळा. आयबीएम कंपनीच्या जुन्या कळफलकांत उभी स्प्रिंग भाराखाली एकदम वाकत असे. स्पर्शातील झटका व कळेचे परत येणे ही दोन्ही कामे ती एकच स्प्रिंग करी. या रचनेचे पेटंट १९७८ मधील आहे. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात चेरी या जर्मन कंपनीने आज सर्वत्र अनुकरण होत असलेला स्विच बाजारात आणला. त्यावरील मूळ पेटंटची मुदत २०१४ च्या सुमारास संपल्यावर इतर अनेक उत्पादक पुढे आले. त्यानंतर सुट्या स्प्रिंगांचीही विविधता पुष्कळ वाढली.

२. स्विचची रचना

या स्विचचे मुख्य घटक पाच : वरचे आवरण, खालचे आवरण, मधला दांडा, संपर्काची धातूची पाती आणि स्प्रिंग. दांडा खाली जाताच त्याचा उतरता कोपरा पातीवरून सरकतो व दोन पात्या परस्परांस टेकतात. सर्वसाधारण स्विचमध्ये दांड्याची एकूण धाव सुमारे ४ मिलिमीटर असते व संपर्क सुमारे २ मिलिमीटरवर होतो. म्हणजे अक्षर अर्ध्या वाटेवरच उमटते. उरलेली धाव बोटाला थांबण्यासाठी असते.

स्विचचे तीन प्रकार मानले जातात : सरळ दाबाचा, मध्ये उंचवटा जाणवणारा, आणि उंचवट्यासह खटका वाजविणारा. उंचवटा व खटका ही दांड्याच्या आणि पातीच्या आकाराची कामे होत. स्प्रिंग बदलून ती निर्माण करता येत नाहीत. स्प्रिंग ठरविते तो पायाभूत प्रतिकार आणि कळेचे परत येणे. म्हणून येथे मुख्यतः सरळ दाबाच्या स्विचचा विचार केला आहे.

३. एका संख्येची फसवणूक

विक्रेते स्प्रिंगची ओळख एका संख्येने करून देतात : ४५ ग्रॅम, ६० ग्रॅम इत्यादी. ही संख्या कधी संपर्कबिंदूवरील भार दर्शविते, तर कधी तळाशी लागणारा. त्यामुळे दोन उत्पादकांच्या संख्यांची थेट तुलना करणे धोक्याचे असते. काही उत्पादक सेंटिन्यूटन हे एकक वापरतात. एक सेंटिन्यूटन म्हणजे सुमारे १.०२ ग्रॅमचा भार, तेव्हा व्यवहारात तेवढा फरक सोडून देता येतो.

परंतु अडचण याहून मूलगामी आहे. रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार स्प्रिंगचे बल तिच्या विस्थापनाच्या प्रमाणात वाढते. स्विचमध्ये बसविताना स्प्रिंग आधीच थोडी दाबलेली असते. म्हणून कळ क्ष मिलिमीटर खाली गेली असता प्रतिकार पुढीलप्रमाणे होतो :

प्रतिकार = पूर्वभार + (ताठरता × क्ष)

पूर्वभार म्हणजे कळ हलण्यापूर्वीच बोटाला भेटणारे बल. ताठरता म्हणजे दर मिलिमीटरला होणारी बलाची वाढ. एका सरळ रेषेसाठी दोन संख्या लागतात, विक्रेता सांगतो एकच. उदाहरणार्थ, पहिल्या स्प्रिंगचा पूर्वभार ३० ग्रॅम व ताठरता मिलिमीटरला ७.५ ग्रॅम आहे असे समजू. संपर्काशी, म्हणजे २ मिलिमीटरवर, ती ४५ ग्रॅम आणि तळाशी ६० ग्रॅम प्रतिकार करील. दुसरी स्प्रिंग लांब व मऊ आहे. तिचा पूर्वभार ३७ ग्रॅम व ताठरता ४ ग्रॅम. तीही संपर्काशी ४५ ग्रॅमच दाखवील, परंतु तळाशी केवळ ५३. दोहोंच्या वेष्टनावर ४५ हीच संख्या असली, तरी बोटाला त्या भिन्न भासतात. पहिली आरंभी सैल लागते व पुढे अंगावर येते. दुसरी आरंभापासून ठाम असते व तळापर्यंत जवळजवळ तशीच राहते.

यातून एक लक्षणीय निष्कर्ष निघतो. कळ तळापर्यंत दाबण्यास लागणारे कार्य म्हणजे त्या रेषेखालचे क्षेत्रफळ. पहिल्या स्प्रिंगसाठी सरासरी बल ३० व ६० यांचे मध्य, म्हणजे ४५ ग्रॅम. दुसरीसाठी ३७ व ५३ यांचे मध्य, तेही ४५. धाव ४ मिलिमीटर धरल्यास दोहोंचे कार्य १८० ग्रॅम-मिलिमीटर, म्हणजे सुमारे १.८ मिलिज्यूल. संपर्कबिंदू धावेच्या बरोबर मध्यावर असल्यामुळे तेथे समान भार असणाऱ्या सर्व सरळ स्प्रिंगांचे एकूण कार्य समानच येते. तेव्हा स्पर्शातील फरक श्रमाच्या एकूण राशीत नसून श्रमाच्या वाटणीत आहे.

ही राशी मुळात किती लहान आहे हेही पाहण्यासारखे आहे. तासाला ९,००० दाब याप्रमाणे पाच तासांत ४५,००० दाब झाले, तर एकूण कार्य सुमारे ८१ ज्यूल भरते. एक किलोग्रॅम वजन साधारण आठ मीटर उचलण्याइतकेच हे कार्य. दिवसअखेर टंकलेखकाची बोटे दुखतात ती या कार्यामुळे, असे म्हणता येत नाही. कारणे शोधावयाची ती अन्यत्र : बोट कळेवर अधांतरी धरून ठेवण्याचा सततचा ताण, कळ तळाशी आदळताना बसणारा धक्का, मनगटाची वाकडी ठेवण आणि अशक्त बोटावर पडणारा विषम भार. स्प्रिंगच्या निवडीने यांतील पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या कारणावर काही इलाज करता येतो. मनगटाच्या ठेवणीवर नाही.

४. स्प्रिंगची घडण

वेटोळ्या स्प्रिंगची ताठरता चार गोष्टींवर अवलंबून असते : तारेच्या धातूचा कर्तन-गुणांक, तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि कार्यकारी वेढ्यांची संख्या. ती तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात, वेटोळ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात आणि वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात बदलते. चौथ्या घातामुळे तार केवळ ५ टक्क्यांनी जाड झाली, तरी ताठरता सुमारे २२ टक्क्यांनी वाढते. स्विचमधील तार पाव मिलिमीटरच्या आसपास असते. तेव्हा डोळ्यास न दिसणाऱ्या फरकाने बोटास जाणवणारा फरक पडावा, यात आश्चर्य नाही.

हौशी मंडळी कधीकधी स्प्रिंग कापून वा ओढून काम भागवू पाहतात. त्याचे परिणाम वरील नियमावरून सहज वर्तविता येतात. वेढे कापले की ताठरता वाढते, पण लांबी घटल्याने पूर्वभार कमी होतो : कळ आरंभी ढिली व शेवटी कडक बनते. स्प्रिंग ओढून लांब केली, तर ताठरता जवळजवळ तीच राहून पूर्वभार वाढतो. परंतु त्यासाठी तार स्थितिस्थापकतेच्या मर्यादेपलीकडे न्यावी लागते, आणि शंभर स्प्रिंगा हाताने सारख्या ओढल्या जाणे अशक्यच. त्यापेक्षा हव्या त्या लांबीच्या व जाडीच्या तयार स्प्रिंगा घेणे शहाणपणाचे. काही स्प्रिंगांत वेढ्यांमधील अंतर सर्वत्र समान नसते. दाटीचे वेढे आधी परस्परांस टेकतात, कार्यकारी वेढे कमी होतात व ताठरता धावेच्या उत्तरार्धात वाढते. कळ तळास ठोकण्याची जुनी सवय असलेल्या हाताला अशी स्प्रिंग शेवटी मऊ लगाम घालते.

कळ किती हलकी करावी, यालाही पेटीप्रमाणेच खालची मर्यादा आहे. परत येताना स्प्रिंगला कळेच्या टोपीचे वजन व दांड्याचे घर्षण या दोहोंवर मात करावी लागते. उंचवट्याच्या स्विचमध्ये पातीचा विरोधही त्यात मिळतो, म्हणून फार मऊ स्प्रिंगने कळ मध्येच अडकण्याचा संभव असतो. मोठ्या टोपीच्या अंतरपट्टीखाली तर थोडी सशक्त स्प्रिंगच हवी. तीवर अंगठा सतत टेकलेला असतो.

५. मराठी हात

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. देवनागरीची अक्षरसंख्या मोठी, म्हणून छपाई व टंकलेखन यांसाठी लिपी आटोपशीर कशी करावी ही चिंता मराठी विचारवंतांना पूर्वीपासून आहे. तिचा रत्नागिरीशीही संबंध आहे. १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असताना वि. दा. सावरकर यांनी लिपिशुद्धीची चळवळ चालविली. ‘अ’ ला सर्व स्वरचिन्हे लावून स्वरांची निराळी रूपे वाचवावीत, हा तिच्यातील एक प्रमुख मुद्दा होता. पुढे संगणकासाठी निघालेल्या इन्स्क्रिप्ट या मांडणीने वेगळा मार्ग घेतला. १९८० च्या दशकात सिद्ध होऊन १९९१ मध्ये भारतीय मानकात समाविष्ट झालेल्या या मांडणीत अक्षर त्याच्या घटकांत फोडून लिहिले जाते. स्वर व स्वरचिन्हे मुख्यतः डाव्या हाताकडे, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे. जोडाक्षर हवे असल्यास मध्ये हलन्ताची कळ दाबावयाची.

या मांडणीत उजव्या करंगळीच्या वाट्याला ‘च’, ‘ट’, ‘ज’, ‘ड’ आणि ‘य’ ही अक्षरे आली आहेत. शिवाय वरची पातळी घेऊन ‘छ’, ‘ठ’, ‘झ’, ‘ढ’ हीही. इंग्रजी लिहिताना याच बोटाकडे ‘पी’ हे एकच अक्षर असते. उरलेल्या कळा विरामचिन्हांच्या. मराठीत मात्र षष्ठीचे ‘च्या’ हे रूप पदोपदी येते, आणि त्याच्या चार दाबांपैकी ‘च’ व ‘य’ हे दोन्ही उजव्या करंगळीचे. ‘त्यांच्या’ या शब्दास एकूण नऊ दाब लागतात. त्यांपैकी तीन उजव्या करंगळीचे आणि चार डाव्या मधल्या बोटाचे, कारण हलन्त व काना या दोन्ही कळा त्या बोटाखाली येतात. ‘रत्नागिरीच्या’ या शब्दाचे तेरा दाब मोजले, तर डाव्या मधल्या बोटाकडे पुन्हा चार व उजव्या करंगळीकडे दोन येतात. हातातील सर्वांत अशक्त बोटावर भाषेतील एका अत्यंत नित्याच्या प्रत्ययाचा भार असा पडलेला आहे.

बोटागणिक भार निराळा ठेवण्याचे तत्त्व कळफलकांना अपरिचित नाही. तोप्रे या जपानी कंपनीच्या रिअलफोर्स कळफलकांच्या एका प्रकारात ३०, ४५ व ५५ ग्रॅम असे तीन भार वापरलेले आहेत. यांत्रिक स्विचमध्ये तेच स्प्रिंग बदलून साधता येते. मराठीसाठी उजव्या करंगळीच्या पाच-सहा कळांखाली ३५ ते ४० ग्रॅमची स्प्रिंग घालणे त्यामुळे तर्कसंगत ठरते.

परंतु हाच न्याय सर्व कळांना लावून सगळा कळफलक हलका करणे घातक होईल. याचे कारण हलन्ताची कळ. ती डाव्या मधल्या बोटाच्या विश्रांतीच्या जागीच आहे. इंग्रजीत बोट चुकून टेकले, तर एक अधिक अक्षर उमटते व ते लगेच डोळ्यांत भरते. मराठीत चुकीचा हलन्त दोन अक्षरांना जोडून टाकतो : ‘करत’ चे ‘कर्त’ होते, आणि घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून ते निसटू शकते. न्यायालयीन वा महसुली कागदात अशी चूक क्षुल्लक नसते. म्हणून हलन्ताच्या कळेला पूर्वभार अधिक व ताठरता कमी अशी लांब स्प्रिंग योग्य होय : टेकलेले बोट ती तोलून धरील, हेतुपूर्वक दाबल्यावर विशेष अडविणार नाही, आणि हलन्तामागून लगेच काना देणाऱ्या त्याच बोटाला चटकन वर येऊ देईल. संपर्कबिंदूवरील भार दोन कळांचा समान असूनही त्यांचे काम किती भिन्न असू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

हे निष्कर्ष इन्स्क्रिप्टपुरतेच समजावेत. जुन्या टंकलेखनयंत्राच्या धर्तीवरील रेमिंग्टन मांडणीत अक्षरांच्या जागा निराळ्या आहेत; तिच्यासाठी भाराचा नकाशा स्वतंत्रपणे काढावा लागेल.

६. समुद्रकाठची हवा

रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात हवा दीर्घकाळ ओलसर राहते, आणि समुद्राच्या वाऱ्याबरोबर क्षाराचे कणही येतात. पोलादी तारेला हे वातावरण मानवत नाही. गंजाने तारेची जाडी २ टक्क्यांनी जरी घटली, तरी चौथ्या घाताच्या नियमाने ताठरता सुमारे ८ टक्क्यांनी उतरते, आणि गंजाच्या खरखरीने घर्षण वाढते ते वेगळेच. सोन्याचा मुलामा दिलेल्या स्प्रिंगा आकर्षक दिसतात. परंतु पातळ मुलाम्यास सूक्ष्म छिद्रे असली, तर त्या ठिकाणी सोने व पोलाद यांचा विद्युत्-रासायनिक जोड होऊन गंज उलट वेगाने धरतो. किनाऱ्यावर स्टेनलेस पोलादाची तार अधिक भरवशाची. स्प्रिंगला पातळ तेलाचा हलका हात दिल्यास गंजापासून काही रक्षण होते व वेढ्यांचा झंकारही थांबतो. तेल संपर्काच्या पात्यांवर मात जाऊ देऊ नये.

स्प्रिंग बदलण्यासाठी स्विच उघडावा लागतो. काही कळफलकांत तो खोबणीतून सरळ उपटता येतो. इतरांत आधी डाख काढावा लागतो. सर्व कळांचा खटाटोप करण्यापूर्वी करंगळीच्या कळा व हलन्त एवढ्याच बदलून काही आठवडे काम करून पाहणे श्रेयस्कर.

७. मापनाची दिशा

येथे सुचविलेली ३५ ते ४० ग्रॅम ही मर्यादा तर्काने काढलेली आहे. ती प्रयोगाने पारखली गेली पाहिजे. त्यासाठी लागणारी साधने पदव्युत्तर प्रयोगशाळेत असतातच. कळेवर टप्प्याटप्प्याने वजने ठेवून व विस्थापन सूक्ष्ममापीने मोजून प्रत्येक स्प्रिंगची बल-विस्थापन रेषा काढता येईल. जाताना व परतताना मिळणाऱ्या दोन रेषांमधील अंतरावरून घर्षण कळेल. त्याचबरोबर कचेरीतील, वृत्तपत्रीय व ललित अशा विविध मराठी मजकुरांतील दाबांची बोटागणिक मोजणी करावी आणि तोच मजकूर भिन्न स्प्रिंगांवर लिहवून वेग व चुका नोंदवाव्यात. विशेषतः हलन्ताच्या चुका स्वतंत्रपणे मोजाव्यात. भौतिकी व भाषाशास्त्र या दोन विभागांनी मिळून करावयाचे हे काम आहे, आणि त्यास खर्च फारसा नाही.

सारांश, कळेचा स्पर्श एका संख्येने सांगता येत नाही. त्यास पूर्वभार व ताठरता या दोन्ही लागतात, आणि त्या कोणत्या बोटासाठी व कोणत्या अक्षरासाठी आहेत हेही सांगावे लागते. यांतील पहिल्या दोन गोष्टी हूकच्या नियमातून मिळतात. तिसरी मात्र मराठीच्या प्रत्ययांतून आणि जोडाक्षरांतूनच शोधावी लागेल.